सत्तरपैकी

मी दिवसभर कोळंबी निवडतो.
मिरजोळ्याच्या कारखान्यात, बर्फाच्या पाण्यात हात,
सोळा-वीस, एकवीस-पंचवीस, सव्वीस-तीस.
किलोत किती बसतात त्यावर तिची जात ठरते.
डोकं काळवंडलेली बाजूला,
मऊ सालीची बाजूला.
बावीस वर्षांत डोळ्याचा तराजू झालाय;
लग्नाच्या पंगतीतसुद्धा
पानातली भजी मी आकारानं लावून घेतो.

रात्री मिऱ्याच्या घरात,
बंधाऱ्यावर समुद्र डोकं आपटत असताना,
कपाटातून डबा काढतो.

आत एकतीस नाणी, पाठीला पाठ लावून उभी.
अस्सल चांदी, प्रत्येकाला पारदर्शक पेटी,
आणि पेटीवर आकडा, कुण्या परक्या गावच्या
हातमोजे घातलेल्या माणसानं
भिंगाखाली धरून दिलेला, सत्तरपैकी.
कांगारू एकोणसत्तर.
मॅपलचं पान सदुसष्ट, मागच्या बाजूला
राणीच्या गालावर दुधाचा ठिपका.
सत्तर एकालाच मिळाले. ते मी फारसं काढत नाही,
त्यात बघायला काही उरलेलंच नाही.

एकोणसत्तरची मात्र झोप घेतात.
कुठे गेला तो एक?
कांगारूच्या शेपटीखाली बघतो, कानाच्या टोकाला,
काठावरच्या दातऱ्यांत. सापडत नाही.
त्या माणसाला सापडला.
तो घरी गेल्यावर
बायकोनं वाढलेल्या ताटाकडे कसा बघत असेल?

अश्रफ होडेकर बोटीवरून सुट्टीला आला
की आणतो एखादं, पर्थचं नाहीतर व्हँकुव्हरचं,
आणि जाताना वर किलोभर सोडे नेतो.
पेठेतला सोनार म्हणतो, मयेकर,
मी चांदीचे देईन, प्लॅस्टिकचे नाही.
बरोबर आहे त्याचं.
मी तरी किलोत बर्फ कुठे धरतो.

इथली हवाच तशी.
खिडकीचे गज दोन पावसाळे टिकतात,
सायकलची चेन एक.
शालनची पैंजणं पंधरा दिवसांत काळी.
म्हणून पेट्या, म्हणून डब्यात
ओल शोषणाऱ्या पुड्या,
कारखान्यातल्या नव्हेत, विकत आणलेल्या.

बत्तिसावं मी स्वतः पाठवलं होतं.
सुटं आलेलं, अश्रफच्या खिशातून,
जरासं झाकोळलेलं.
कुरियरवाला येईपर्यंत देवापुढे ठेवलं,
आणि एवढं परदेशी जाणार ते पारोसं कसं पाठवायचं म्हणून
शालननं आमसुलाच्या पाण्यात घातलं,
वर राखेनं घासलं. लख्ख.

चार महिन्यांनी परत आलं.
पेटी तशीच, आकडा नाही.
आकड्याच्या जागी दोनच शब्द,
साफ केलेलं.
मी तिला वाचून दाखवले, जरा रागानंच.
ती म्हणाली,
बघा, त्यांनासुद्धा कळलं.

त्या रात्री मी डबा उघडला नाही.
रविवारी पेटी गोणपाटात गुंडाळून
हातोडीनं फोडली,
नाणं खिडकीत ठेवलं, गजांच्या मधोमध,
तोंड समुद्राकडे.

पहिल्या महिन्यात कडेला पिवळं, रायवळ लागतो तसं.
मग तांबूस.
नारळी पौर्णिमेच्या सुमारास जांभळं,
आणि आता आतवर निळं सरकतंय,
ताज्या बांगड्याच्या पाठीवरचं निळं,
बर्फात टाकलं की तासाभरात विझणारं.
हे विझत नाही.

कामावरून आलो की साबणानं हात धुतो,
तरी वास राहतोच.
त्याच हातानं ते उचलतो, भिंगाशिवाय,
बोटांचे ठसे उमटू देतो.
कुठल्या आकड्याला बसेल, मनात येतंच;
बावीस वर्षांची खोड.

शालन दारातून विचारते, परत घासू का?
मी म्हणतो, राहू दे.
आमसुलं तिनं भिजत घातलेली आहेत.
सोलकढीला, म्हणते.